सरपंचाचे दगड

...आणि दगडाच्या भोकातून तो पुन्हा डोकावला. निळाभोर, अंगठ्याएवढा मासा, पण तोरा असा की सगळा समुद्र यानंच बांधून घेतलाय. दीनानं काचेवर बोट टेकवलं, तसा बोटावर चालून आला. मेल्या, तुला खायला कोण घालतं?

पुढची निम्मी खोली या टाकीनं खाल्ली होती. लोखंडी चौकट, जाड काचा, आणि मासळीच्या ट्रकवाल्यांकडून कॅन भरभरून मागवलेलं मुंबईचं समुद्राचं पाणी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एकट्या बाईला एवढं वेड असायचंच, असं सगळ्या मिशन कंपाउंडनं ठरवून टाकलं होतं. बहात्तरच्या या दुष्काळात नळावर रांगा लागल्या तेव्हा कामाला येणारी भागूबाई म्हणाली होती, "अख्ख्या नगरात कुनी चोरनार न्हाई असं तुमचंच पानी हाय बगा, बाई." निळ्याला सरपंच हे नाव तिचंच.

आज संध्याकाळच्या एस.टी.नं यशया मुंबईहून येणार होता, डब्यात नवा मासा घेऊन. कोल्हारच्या शाळेतला हा विधुर मास्तर मागच्या रविवारी, उपासना सुटल्यावर, सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाला होता, "दीनाबाई, मला जागा फार लागत नाही." एवढंच. लग्नाची मागणी अशीही घालतात! आणि ती तरी काय बोलली... "मुंबईला जातच आहात तर एक मासा आणाल?" एक्केचाळिसाव्या वर्षी शहाण्या बाईला एवढंच सुचावं. उत्तर आज द्यायचं होतं, आणि ते तिच्याजवळ नव्हतं.

मासा कोणता, हे मात्र तिनं चांगलं मनात घोळवून ठरवलं होतं, आणि यशयाला तसं सांगितलंही होतं. मोठा आणावा तर सरपंचाला गिळेल, लहान आणावा तर सरपंच त्याला जगू देणार नाही, आणि निळाच आणला तर रोजची मारामारी. मागे तो पिवळा आणला होता — देखणा, गरीब — त्याची शेपटी फाटेपर्यंत यानं पाठलाग केला आणि एका सकाळी तो वाळूवर... नको. त्या दिवशी ती टाकीपुढे बसून रडली होती, आणि भागूबाईनं चहा आणून ठेवला होता. म्हणून या खेपेला नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. आपला कोपरा धरून राहणारा, आपणहून कुणाच्या वाटेला न जाणारा, पण कुणी अंगावर आलंच तर मागे न हटणारा. हे सगळं ऐकताना यशया गालातल्या गालात का हसत होता ते तिला आत्ता, टाकीत कोपरापर्यंत हात घातल्यावर कळलं. अगं बाई... मी माशाचंच सांगत होते ना?

हात घातला होता दगड हलवायला. एकदा सफाईत दगड इकडचे तिकडे झाले, तेव्हा सरपंच कितीतरी वेळ गुमान वागला होता. कपारच आपली राहिली नाही तर भांडायचं कशावरून? नवा यायच्या आधी जुन्यालाही नवखं करून टाकायचं. तिनं भोकाचा दगड पार दुसऱ्या टोकाला नेला, चपटा उभा केला. सरपंच जुन्या जागी गेला, तिथे नुसती वाळू. गरकन वळला, परत आला, आणि मग टाकीच्या ज्या बाजूला तो कधी फिरकला नव्हता तिकडे हळूहळू निघाला — आणि खोटं कशाला बोलू, मजेत दिसत होता.

"घरच मोडलं की वो त्याचं," भागूबाई मागून म्हणाली.

दीना हात पुसत वळली. खिडकीशी खुर्ची, भिंतीशी टेबल, त्यावर एकच कप... नोकरी लागल्यापासून सगळं तिथल्या तिथे. पाहुणा त्या खुर्चीत बसला की तो उठेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

"भागूबाई, टेबलाला हात लावा जरा."

"कुटं न्यायचं?"

"माहीत नाही. हलवा तर खरं."

भागूबाईनं तोंडाला पदर लावला, पण हात लावला. टेबल मधोमध आलं, खुर्ची दाराकडे गेली, कपाट तिरपं झालं. खोली ओळखू येईना. तरी मला इतकं बरं का वाटतंय, असं तिला वाटत राहिलं.

एस.टी.ची वेळ होऊन गेली होती. दाराची कडी वाजली. ती सवयीनं निघाली आणि टेबलाचा कोपरा मांडीला लागला, चांगलाच लागला. पुन्हा कडी वाजली.

"आले, आले," ती हसू आवरत म्हणाली, आणि कुठल्या बाजूनं जायचं ते अजून तिला कळत नव्हतं.