पंचनाम्यातलं पाणी

“माझ्या पावलार पाय देवन येवा, सायब. बाजूक खोल आसा,” असं म्हणत तुळसा चिखलात पुढं झाली.

मागून पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले दत्तप्रसाद साहेब येत होते आणि त्यांच्या मागं फाइल छातीशी धरून त्यांच्या कचेरीतली लिपिक नम्रता. खाडीकाठच्या या जागेवर सरकारला पर्यटकांच्या गाड्यांसाठी तळ करायचा होता. त्यासाठी जागा पाणथळ नाही, असा पंचनामा हवा होता. ‘अकराक येवा, सुकती असता,’ असं तुळसानंच ओहोटीची वेळ बघून फोनवर कळवलं होतं. घाटावरची माणसं, उगाच कशाला भिजायची! इतकी भोळी बाई.

गेल्याच वर्षी सरकारच्याच दुसऱ्या खात्यानं तिच्या बचत गटाला इथं खेकडे पाळायला पिंजरे दिले होते. नारळ फोडून ‘संरक्षित कांदळवन’ असा फलकही ठोकला होता. तो तिनं साहेबांना दाखवला.

“ते खातं वेगळं, मावशी,” साहेब म्हणाले. “नम्रता, लिहा. पाहणीवेळी जागेत पाणी आढळले नाही.”

इथल्या चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपले, विकून तुळसानं तीस वर्षं घर चालवलं होतं.

“अवो, भरतीक हंय माणूस बुडता!”

“आत्ता नाही ना? पंच म्हणून इथं सही करा.”

ओहोटीची वेळ आपणच दिली, याची तिला भयंकर चीड आली. तिनं खाडीच्या मुखाकडं पाहिलं. पेन काही घेतलं नाही.

“करतंय सही. पण पुढची जागा रवली. अर्धीच बघितली म्हणान उद्या कोणी बोट दाखवक नको.”

साहेबांना ते पटलं. तुळसा त्यांना पार टोकाला घेऊन गेली. चिखल उकरून तिसऱ्या कशा काढतात ते तिनं सावकाश दाखवलं, साहेबांच्या घरच्यांसाठी पिशवीभर काढूनही दिल्या. साहेब खूश होऊन फोटो काढत राहिले. यात दोनेक तास सहज गेले.

“सर,” नम्रता एकदम म्हणाली, “आपण आलो ती वाट कुठाय?”

येताना ओलांडलेला ओहोळ काठोकाठ भरला होता. पाणी गुपचूप मागून आलं होतं. साहेबांच्या हातातली पिशवी गळून पडली.

“मावशी, चला! कुठून जायचं?”

“वाट माका ठावक आसा,” तुळसा म्हणाली. ती जागची हलली नाही. “आधी ती ओळ खोडा.”

“अहो, ही काय वेळ आहे?”

साहेबांनी चहूकडं पाहिलं, मोबाइल वर धरला, रेंज नव्हती. नम्रतानं त्यांना न विचारताच फाइल उघडली आणि ओळ खोडली.

“किती पाणी लिहू, मावशी? घोट्याएवढं?”

तुळसानं वाकून चढत्या पाण्याकडं पाहिलं.

“थांब गो जरा,” ती म्हणाली.