उजवा कान

आमच्या पाळणाघराच्या दारातच बेसिन आहे. आधी हात धुवायचे, मग मुलांना हात लावायचा, हा मालकीणबाईंचा कायदा. बाहेरची घाण लेकरांना लागू नये म्हणून. मीही रोज सकाळी कोपरापर्यंत हात घासायचे. नंतर दिवसभर ओली दुपटी बदलायची, शेंबूड पुसायचा, लाळ पुसायची आणि त्याच हाताने स्वतःचा डबा खायचा. मुलांना आपल्यापासून जपायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. उलटंही जपावं लागतं, हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मुलांत एक दीड वर्षाचा पोरगा होता. त्याची लाळ इतकी गळायची की मी त्याचं नावच नळोबा ठेवलं. त्याला भरवताना चमचा एकच असायचा. गरम आहे का ते माझ्या जिभेवर बघायचं, त्याने टाकलेलं केळं मी संपवायचं. माझ्या पोटात तेव्हा नुकताच जीव रुजला होता. नळोबावर मी आईपणाची रंगीत तालीम करत होते.

त्याच सुमारास काही दिवस अंगात कणकण होती, गळ्याशी गाठी आल्या. दिवस गेलेल्या बाईला असं व्हायचंच, असं सासूबाई म्हणाल्या आणि मलाही ते पटलं. नळोबा तर ठणठणीत होता.

मुलगी झाली. जरा हडकुळी, पण सासूबाईंना फार आवडली. "किती गुणाची पोर! भांडं पडलं तरी दचकत नाही," असं त्या दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या. कान तपासायच्या यंत्राने मात्र कौतुक केलं नाही. डावा कान काहीच ऐकत नव्हता, उजवा थोडंफार. मग तिची लघवी तपासली.

"सायटोमेगॅलोव्हायरस," मुलांचे डॉक्टर म्हणाले. "सीएमव्ही म्हणतात. लहान मुलांच्या लाळेत, लघवीत महिनोन्महिने राहतो. त्यांना सहसा काही होत नाही, धडधाकट मोठ्यांनाही कळत नाही. पण गरोदरपणात झाला तर बाळापर्यंत जाऊ शकतो. सगळ्याच बाळांना जात नाही. गेला तरी बऱ्याच जणांना काही होत नाही."

"माझ्या बाळाला झालं."

"हो."

"मग हे मला आधी कुणी सांगितलं का नाही? मी पाळणाघरात काम करते हे तुमच्या दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं!"

दर तपासणीला मला जड बादली उचलू नका, मांजराची घाण काढू नका, त्यातून बाळाला रोग होतो, असं बजावलं जायचं. आमच्या घरात मांजर नव्हतंच. डॉक्टर टेबलावरचं पेन सरळ करत राहिले. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

"डाव्या कानाची आशा धरू नका," ते म्हणाले. "औषध लगेच सुरू करू. उजवा टिकवायचा प्रयत्न करू. पण तोही पुढे कमी होऊ शकतो. लक्ष ठेवा."

तेव्हापासून माझा सगळा जीव त्या उजव्या कानात अडकला. झोपवताना तो वरच राहील अशा कुशीवर तिला ठेवायची. त्याच कानाशी बोलायची, गायची. माझा गळा म्हणजे फुटका भोंगा, नवरा खोलीबाहेर पळायचा, तरी गायची. कुठे काही वाजलं की तिच्या पापण्या बघायची. हलल्या की मला घास गोड लागायचा.

तिला घेऊन मी कामावर परतले. आता मुलांना हात लावून झाल्यावरही हात धुवायचे. मालकीणबाईंना सगळं सांगितलं.

"हात हवे तेवढे धू," त्या म्हणाल्या. "पण पालकांकडे एक अक्षर बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या एक मूल येणार नाही इथे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एका संध्याकाळी नळोबाची आई त्याला न्यायला आली. ती बस चालवते. अंगावर गणवेश, पण शर्टाची खालची बटणं उघडी. "लागत नाहीत आता," ती हसून म्हणाली. "आमचे साहेब दादा होणार आहेत!"

जात्यातले रडतात, सुपातले हसतात. नळोबाने चोखून लगदा केलेलं बिस्किट तिच्या तोंडाशी नेलं. तिने तोंड उघडलं.

"खाऊ नका ते," मी म्हणाले.

"का हो?"

मालकीणबाईंनी डोळे वटारले, तरी मी सांगितलं. लाळेचं, लघवीचं, कानाचं, सगळं. "कदाचित तुम्हाला आधीच होऊन गेलेला असेल. मला त्याच्याकडूनच आला असंही नाही. पण त्याचं उष्टं खाऊ नका, पापी कपाळावर घ्या, दुपटं बदललं की हात धुवा. बाळ होईपर्यंत तरी. डॉक्टरांना विचारा."

तिचा चेहरा उतरला, मग तापला.

"म्हणजे माझ्या पोराने तुमची मुलगी बहिरी केली?"

"मी तसं म्हटलं का?"

"दुसरं काय म्हणालात? माझ्या तोंडावर त्याला रोगी म्हणताय! आणि स्वतःची पोर आणून सगळ्यांच्यात झोपवता ती?"

"ताई, तुमच्या पोटातल्यासाठी सांगतेय हो."

"आईला लेकराचं उष्टं बाधत नाही," ती म्हणाली. माझ्याकडे बघत तिने ते बिस्किट तोंडात घातलं, चावून गिळलं, नळोबाच्या ओल्या ओठांचा मुका घेतला आणि त्याला काखोटीला मारून निघाली. जाताना लोखंडी दार असं आपटलं की खिडक्या थरथरल्या.

झोपलेली मुलं एकदम उठून रडायला लागली. मालकीणबाई माझ्या नावाने बोटं मोडत एकेकाला उचलू लागल्या. मी माझ्या मुलीच्या पाळण्याकडे धावले.

उजवा कान वर होता. पापणी हलली नव्हती. मी वाकून कानाशी टाळी वाजवली. मग आणखी जोरात वाजवली.

बाकीची मुलं जास्तच रडायला लागली.