बोंडू माझ्याखाली झोपायचा

“रुचिरा, ह्या कुत्र्याला ऐकू येत नाय गो,” आवडाबाई एकदा म्हणाल्या होत्या. त्यांच्या हातात बांगडा माशांची डोकी घातलेली ताटली होती आणि बोंडू त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. “कितीदा हाक मारली. मान पण वळवलीन नाय.”

रुचिरा सानवीचे ओले लंगोट माझ्या कड्यांवर वाळत घालत होती. तिने वळूनही न बघता उत्तर दिले, “आई, त्याला सगळं ऐकू येतं. सानवी आल्यापासून रुसलाय तो.”

आवडाबाईंनी ताटली बोंडूच्या नाकासमोर ठेवली. तो उठला, शेपटी हलवली आणि खाऊ लागला. विषय तिथेच संपला.

मित्रांनो, मी तेव्हा त्या दोघींच्या मधे टांगलेला होतो. मी एक जुना झोपाळा आहे. रत्नागिरीच्या भाट्ये गावात, खाडीकडे तोंड केलेल्या एका घराच्या पडवीत माझे आयुष्य गेले. आता थकलो आहे, म्हणून सावकाश सांगतो.

मी जन्माने झोपाळा नव्हे. आवडाबाईंच्या सासऱ्यांची एक होडी होती, तिच्या तळाची मी फळी. घरात यंत्राची बोट आली तेव्हा होडी मोडली. सुताराने तिच्यातली न कुजलेली सगळ्यात रुंद फळी निवडली, रंधा मारला, चार कोपऱ्यांना भोके पाडली आणि लोखंडी कड्यांनी मला पडवीच्या वाशाला टांगले. समुद्रावर मी हलत होतोच; इथेही हललो. फरक एवढाच की इथे पुढे जाऊन पुन्हा मागे यावे लागे.

माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की आधी माझ्यावर बसत. आवडाबाईंचा मुलगा सोहम माझ्यावर पालथा पडून पाढे म्हणे. पुढे तो बोटीवर नोकरीला लागला, रुचिराशी लग्न झाले, तेव्हा नव्या जोडप्याचे फोटो माझ्यावरच काढले. मग सानवी झाली. त्यानंतर माझ्यावर कोणी हौसेने बसल्याचे मला आठवत नाही. लंगोट, दुपटी, कांद्याची पिशवी, अर्धा प्यालेला आणि गार झालेला रुचिराचा चहा, असे काहीबाही माझ्यावर पडून असे. तक्रार नाही. त्या घरात तेव्हा सगळेच दमलेले होते.

बोंडू मात्र कायम माझ्याखाली असायचा. सोहमला तो किनाऱ्यावर सापडला होता, मुठीएवढा, पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा तांबूस. म्हणून बोंडू. माझ्या कड्या करकरत असत. खारा वारा लागला की लोखंड कुठे गप्प बसते? तो आवाज बोंडूच्या अंगवळणी पडला होता. पहिली ‘कर्र’ झाली की तो झोपेतच कूस बदलून भिंतीशी सरके. मी त्याच्या अंगावरून इतकी वर्षे गेलो, पण त्याला एकदाही लागलो नाही.

सानवीची झोप सावध होती. माझ्या करकरीने ती दचकून उठायची, आणि मोठ्या कष्टाने निजवलेले बाळ उठले की रुचिराचे डोळे भरून यायचे. एके दिवशी तिने शिलाई मशीनचे तेल आणले आणि माझ्या कड्यांना भरपूर सोडले. मी मुका झालो. नेमक्या त्याच दिवसांत रुचिरा माझ्यावर टेकली आणि माझी कड बोंडूच्या बरगड्यांना लागली. तो केकाटत उठला.

“तूच त्याची घंटा बंद केलीस,” आवडाबाई हसल्या. “बिचाऱ्याला कळणार कसं?”

रुचिराही हसली. सगळ्यांना ते पटले. पण मित्रांनो, माझ्या कड्या गप्प झाल्या तरी रुचिराच्या पायातली पैंजणे गप्प झाली नव्हती. तिने माझ्यावर टेकण्याआधी ती वाजत होती. ते कोणाच्या लक्षात आले नाही.

त्यानंतर पुष्कळ काही घडले. मासेवाली सगुणा फाटकात ओरडली तरी बोंडू भुंकेना. ताटली वाजवली तरी येईना. दिवसभर रुचिराच्या पायांत घोटाळू लागला, ती दिसेनाशी झाली की वेड्यासारखा शोधू लागला. रुचिरा शिकलेली मुलगी. घरात बाळ आले की पाळीव कुत्री कशी रुसतात, हे तिने मोबाइलवर वाचून ठेवले होते. प्रत्येक गोष्ट त्यात बरोबर बसत होती.

एका दुपारी ती आत आमटीला फोडणी देत होती. सानवी नुकती चालू लागली होती. ती दुडुदुडु पडवीत आली, माझ्याखाली वाकली आणि झोपलेल्या बोंडूचा कान तिने मुठीत धरला. बोंडू दचकला. काय आहे हे न बघताच त्याने तोंड मारले. दात फ्रॉकच्या बाहीत अडकले आणि बाही टरकन फाटली. समोर कोण आहे हे दिसताच तो मागे सरकून भिंतीला चिकटला आणि थरथरू लागला.

रुचिरा झारा हातात घेऊनच धावत आली. तिने पोरीचा हात उजेडात उलटसुलट करून बघितला. ओरखडाही नव्हता. तरी ती तो हात संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा बघत राहिली.

“आज बाही फाटली,” आवडाबाई म्हणाल्या, “उद्या पोरीचा गाल फाटला तर? कुत्रा तो कुत्राच गो.”

सोहमचा फोन आला. “त्याला खंडूमामांकडे पाठव,” तो म्हणाला. “पालीला मामांची बाग आहे. राखण करील.”

“मामांचं घर अगदी कोल्हापूरच्या रस्त्याला लागून आहे रे.”

“मग? तिथली कुत्री राहतातच ना? हॉर्न वाजला की होतात बाजूला.”

रुचिराने “बरं” म्हटले. पोरीच्या जिवापुढे ती काय बोलणार? रविवारी मामांनी गाडी घेऊन यायचे ठरले. तिने बोंडूचा पट्टा धुऊन माझ्यावर वाळत घातला.

तेल किती दिवस पुरायचे? पश्चिमेचा ओला वारा सुटला होता आणि माझ्या कड्यांना पुन्हा गंज चढला. शनिवारी दुपारी रुचिरा सानवीला खांद्यावर घेऊन माझ्यावर टेकली, पायाने रेटा दिला आणि मी मोठ्याने करकरलो. सानवीने डोळे उघडले. रुचिराने सवयीने खाली बघितले. बोंडू आडवा झोपला होता, माझ्या अगदी वाटेत. त्याचा कानही हलला नव्हता.

तिने पाय टेकून मला थांबवले. मग मुद्दाम हळूच हलवले. कर्र. पुन्हा. कर्र.

तिने सानवीला खाली ठेवले, आतून स्टीलची परात आणि उलथने आणले आणि बोंडूच्या पाठीमागे उभे राहून परात बडवली. माडावरचे कावळे उडाले. सानवीने भोकाड पसरले. आवडाबाई “काय झालं, काय झालं” करत बाहेर आल्या. आणि बोंडूचे पोट झोपेत संथपणे खालीवर होत राहिले.

रुचिरा त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिने तळहात त्याच्या नाकासमोर धरला. वास लागताच त्याने डोळे उघडले आणि शेपटी जमिनीवर आपटू लागला.

“हा रुसला नव्हता हो आई,” ती म्हणाली. “आपण हाका मारत होतो आणि हा... उद्या मी त्याला ट्रकांच्या रस्त्यावर सोडणार होते.”

“मी बोललेली तुला,” आवडाबाई म्हणाल्या. मग पदराने नाक पुसत पुटपुटल्या, “पण मी तरी कुठे धरून बसले? तू म्हणालीस रुसलाय, मी म्हटलं असेल.”

त्याच संध्याकाळी दोघी त्याला रिक्षातून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तिथे काय झाले हे मला त्यांच्या बोलण्यातून कळले. दोन्ही कान गेले होते. असे अचानक होते कधीकधी, कारण सापडेलच असे नाही, आणि आता परत येण्याची आशा धरू नका, असे डॉक्टर म्हणाले. झोपेत त्याला हात लावू नका; जवळ जाण्याआधी हादरा द्या, म्हणजे त्याला कळेल. हाताच्या खुणा शिकवा. आणि लहान मुलाला त्याच्यापाशी एकटे सोडू नका, कधीच नाही.

रविवारी खंडूमामा आले. सगळे ऐकून त्यांनी डोके खाजवले. “बहिरा कुत्रा माझ्याकडं चार दिवस टिकायचा नाय, सूनबाई. पण पोरीचं काय? ते पण बघायला पाहिजे.”

“तेच बघतेय,” रुचिरा म्हणाली. “आत निजवून बघितला, परत झोपाळ्याखालीच येतो. चिऱ्यांच्या दगडी जमिनीवर पाय आपटला तर त्याला कळत नाही. लाकडावर कळतं, मी करून बघितलं. मामा, झोपाळा खाली काढाल? चिऱ्यांवर ठेवू. तो फळीवर झोपेल, आपण कडेला ठोकायचं. आणि पडवीच्या दाराला छोटं फाटक.”

“माझ्या सासऱ्यांच्या होडीची फळी हाय ती!” आवडाबाई कडाडल्या. “कुत्र्यासाठी झोपाळा मोडणार?”

“कुत्र्यासाठी आणि सानवीसाठी, आई.”

आवडाबाईंनी माझ्या कडेवरून एकदा हात फिरवला. मला कोणी काही विचारले नाही. मग त्या भावाकडे वळल्या. “खंडू, चिरे सारखे लाव रे. फळी डुगडुगली तर चढायचा नाय तो.”

“कुत्रा न्यायला आलो आणि सुतार झालो,” मामा म्हणाले, आणि त्यांनी माझ्या कड्या सोडल्या.

आता मी हलत नाही. पुढे जाणे नाही, मागे येणे नाही. बोंडू माझ्यावर झोपतो; त्याच्या अंगाची ऊब मला लागते. रुचिरा जवळ येताना माझ्या टोकाला दोनदा ठोकते. तो ठोका माझ्यातून त्याच्या बरगड्यांपर्यंत जातो आणि तो शांतपणे डोळे उघडतो. फाटकापलीकडून सानवीही चिमुकल्या मुठीने फाटकाचे लाकूड ठोकते. रुचिराचा घोर संपलेला नाही. फाटकाची कडी ती दिवसातून कितीदा तपासते ते मी बघतो. कधी ती माझ्या टोकाशी बसून चहा पिते. अजून गारच असतो तो. सोहमने परवा फोनवर विचारले, “बोंडू कसा आहे?” ती म्हणाली, “आहे. इथेच आहे.”

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत असे कोणी असेल. शेजारची आजी असेल, वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा असेल, फोन न उचलणारी आत्या असेल, नाहीतर तुमचेच एखादे मुके जनावर. हल्ली ते ओ देत नाही, आणि त्याचे कारण तुम्ही तुमच्या मनाने ठरवून ठेवले असेल. दुरून हाका मारत बसू नका. जवळ जा, तुमचा चेहरा त्याला दिसेल असे समोर बसा. मी लाकूड आहे, मला जागेवरून हलता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. आज जाऊन बघून या.