वारज्यात उतरलेली लोणीची बस

"डोळे मिटा. लोणी काळभोरची बस मी उचलतोय," दिग्विजय महाराज म्हणाले आणि अख्ख्या हॉलने डोळे मिटले.

वारज्यातल्या एका बसथांब्याच्या अगदी वर, पहिल्या मजल्यावर हा दरबार भरतो. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, त्यात बसचं अ‍ॅप, आणि अ‍ॅपवर ४१७ या गाडीनंबरच्या बसचा ठिपका शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, लोणीला. महाराज खिडकीशी बसलेले. जप टिपेला गेला आणि ते म्हणाले, "बघा." ठिपका वारज्यात, खाली बस हजर. हडपसरच्या ट्रॅफिकमधून देवालाही इतक्या लवकर येता येणार नाही, पण लोकांनी हात जोडले.

माझी बायको अपेक्षा ज्या नजरेने त्यांच्याकडे बघत होती, तसं तिने माझ्याकडे लग्नातही बघितलं नव्हतं. जळफळाट झाला माझा. त्या अ‍ॅपमधले बसचे नंबर साफसूफ ठेवणं ही माझी नोकरी. मला कोणी साधा नमस्कार घालत नाही आणि हे गृहस्थ आमच्याच ठिपक्यावर महाराज झालेले.

"बस येते, मग दमा का जाणार नाही?" महाराज म्हणाले. "मुलीचा पंप आजपासून बंद. श्वास मी देईन."

अपेक्षाने पर्समधून पंप काढून त्यांच्या पायाशी ठेवला. आमची लेक संस्कृती दुसरीत आहे, आदल्याच दिवशी तिला धाप लागली होती. आता मात्र मी घाबरलो आणि पंप उचलला.

"संतोषला व्हिडिओ कॉल लाव," मी म्हणालो. तिचा भाऊ संतोष लोणीच्या थांब्यासमोर गॅरेज चालवतो.

"दादा, ४१७ गेली का रे तिथून?" तिने विचारलं.

"कुठं जातीय? समोरच उभी हाय. ड्रायव्हर चहा पितोय." त्याने बस दाखवली. तिच्यावर ४१७ रंगवलेलं होतं.

अपेक्षा खाली जाऊन आली. खाली अजून उभ्या असलेल्या बसवर नंबर होता २८३. आजवर सगळे मोबाइल बघत होते, बस कोणीच बघितली नव्हती.

"४१७ बंद पडली तेव्हा तिचा जीपीएसचा डबा २८३ला लावलेला दिसतोय," मी म्हणालो. "डब्यातला नंबर बदलायचा राहिला. पुढे ४१७ दुरुस्त झाली, तिला नवा डबा मिळाला. आता दोन्ही डबे स्वतःला ४१७ म्हणवतात, अ‍ॅपला वाटतं बस एकच. इंजिन चालू असेल तोच डबा बोलतो. तिकडे चहासाठी इंजिन बंद, इकडे वळणापलीकडे थांबलेली २८३ सुरू झाली, की ठिपक्याची उडी. महाराजांना वळण खिडकीतून दिसतं, आणि बस तिथे येईपर्यंत आपले डोळे मिटलेले."

"यंत्राला आमची लीला काय कळणार," महाराज म्हणाले.

"मग पुढच्या वेळी आम्ही डोळे उघडे ठेवतो," अपेक्षा म्हणाली. महाराजांना एकदम संध्येची वेळ आठवली.

घरी येताना मी त्या नजरेची वाट बघत होतो. ती म्हणाली, "तुझं तरी खरं कशावरून? उद्या नंबर बदल, दोन ठिपके दिसले तर मानेन."

दुसऱ्या दिवशी मी नंबर दुरुस्त केला. एक ठिपका लोणीला, एक वारज्यात. तिने मान हलवली आणि पंप पर्समध्ये ठेवला. बस, एवढंच.

ती नजर मला मिळाली नाही, याचं वाईट वाटतं. पण तिचं बरोबर आहे. कोणाला हात जोडावेसे वाटले, तर आधी त्याला असंच तपासा, नवऱ्यालासुद्धा. आणि तपासून होईपर्यंत मुलांचं औषध बंद करू नका.