उजव्या दिव्याच्या पाठीचं छिद्र

मित्रांनो, तुमच्या हरसूलच्या शाळेत, खिडकीच्या फळीवर, पृथ्वीच्या गोलाशेजारी ठेवलेला काचेचा वाडगा म्हणजे मीच. एका जुन्या मोटारीचा उजवा दिवा. डावा आता कुठे आहे, मला माहीत नाही. पंधरा वर्षं आम्ही एकाच रस्त्याकडे पाहिलं, एकमेकांकडे कधीच नाही.

माझी काच अधूनमधून आतून धुरकटते. तेव्हा मी सांगता सांगता थांबेन. तुम्हीही थांबा.

१९९४ साली नाशिकला खंडेरावआप्पांच्या दारात नवी पांढरी गाडी उभी राहिली. आप्पा रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसत. माझ्या पोटात चांदीसारखा चकचकीत, वाटीच्या आकाराचा आरसा होता. बल्ब एवढासा, पण आरशामुळे उजेड लांबवर जाई. पाठीला एक बारीक छिद्र होतं. ते कशासाठी, हे कुणी कधी विचारलं नाही. मीही

(धुकं.)

२००३ च्या पावसाळ्यात आप्पांची मुलगी तृप्ती तुमच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. सकाळची एसटी चुकली की तिचा अख्खा दिवस बुडे. आप्पा म्हणाले, "सोमवारपासून गाडी तू ने."

हे ऐकून तिचा मोठा भाऊ धनराज खूश झाला. बहिणीची गाडी ऐटदार दिसावी म्हणून त्याने मला उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरलं, कडेचा डिंक मऊ केला आणि काच उकलली. आतून काळी कड रंगवली, डोळ्यात काजळ घालावं तशी. काच पुन्हा चिकटवली. पाठीचं छिद्र दिसलं, तेव्हा त्यातून पाणी शिरेल म्हणून तेही बुजवून टाकलं.

पातेल्यातलं थोडं पाणी मात्र आतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात ढग होता. खरं सांगू? मला तो आवडला. थेंबाथेंबातून गल्ली पाहिली. प्रत्येक खिडकीभोवती सोन्याचं कडं. सायकली पोहत जात होत्या. दूधवाला माशासारखा आला आणि विरघळला.

आप्पांना तो आवडला नाही. "असल्या आंधळ्या दिव्यानं हरसूलला जाणार, वाघेऱ्याच्या घाटातनं? सोमवारी दिवा स्वच्छ दिसला तर गाडी. नाहीतर नोकरीचा विचार सोड."

तृप्ती माझ्यापाशी आली. माझ्या काचेवर बोट ठेवून उभी राहिली. ओल आत होती, बोट बाहेर.

"मी करतो बरोबर," धनराज म्हणाला. तो द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसमध्ये कामाला होता. बुधवारी त्याने मला पुन्हा उघडलं, आत एक पातळ कागदी पुडी ठेवली आणि बंद केलं. मग काडेपेटीसारखा जळका वास

(धुकं. या वेळी पिवळं.)

शनिवारी माझा आरसा एका कोपऱ्यात काळा पडू लागला होता. तृप्तीने काच उकलली आणि नाक दाबलं.

"दादा, काय कोंबलंस ह्यात?"

"ग्रेपगार्ड. द्राक्षाच्या पेटीत घालतो ना आपण, तेच. लंडनपर्यंत माल टवटवीत राहतो त्यानं, तुझा दिवा काय चीज आहे!"

"अरे, ओल लागली की त्यातनं गॅस सुटतो, म्हणून तर बुरशी मरते. त्यानंच आरसा काळा पडला. दिव्याला बुरशी झाली होती का?"

धनराज डोकं खाजवत म्हणाला, "नाशिकचा माणूस. औषध द्राक्षाचंच सुचणार."

मग दोघं कामाला बसली. जुना डिंक चमच्याच्या दांड्याने खरवडला. मला रात्रभर पंख्याखाली ठेवलं. रविवारी तृप्तीने नव्या डिंकाची रेघ ओढली, कुठेही न तुटणारी. धनराजने काच दाबून धरली. शेवटी टाचणीने तिने पाठीचं छिद्र मोकळं केलं.

"पाणी जाईल की गं!"

"दिवा तापला की हवा बाहेर पडते, निवला की आत येते. तिला दार नको?"

सोमवारी पहाटे आप्पांनी माझ्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. दिवा लावला. वाट पाहिली. मग चेहरा अगदी जवळ आणला. ढग नव्हता.

"आणि हा काळा डाग?"

"तो नाही जायचा, आप्पा," धनराज म्हणाला. "तो माझा आहे."

आप्पांनी किल्ली तृप्तीच्या हातात ठेवली. "घाटात हॉर्न दे."

घाटात धुकं होतं, पण बाहेर. धुकं मी पहिल्यांदाच कोरड्या पोटाने पाहत होतो. उजेड त्यात शिरला. डागाची सावली रस्त्यावर पडली आणि छोट्या माशासारखी हरसूलपर्यंत आमच्यापुढे पोहत राहिली.

२००९ मध्ये गाडी भंगारात निघाली. तुमच्या तृप्तीबाईंनी स्वतः स्क्रू काढून मला इथे आणलं.

मित्रांनो, मला कधीतरी पुसत जा. डाग घासू नका, तो एका भावाचा आहे. आणि माझ्या पाठीच्या छिद्रात कुणीतरी खडूचा तुकडा खुपसलाय. कुणी, ते मला माहीत आहे. सांगणार नाही. तेवढा काढा. शाळा सुटली की तुम्ही उतारावरून घरी जाता, ते मला शेवटच्या वळणापर्यंत

(धुकं.)