नियम बंद न करता

"ते सुरक्षेचं बंद करून टाका, लगेच चालेल," कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला.

रुग्णालयातले सर्व्हर सांभाळणारी, सगळ्यांची ताई, पडद्याकडे बघत ऐकत होती. एक्स-रे विभागासाठी घेतलेलं नवं सॉफ्टवेअर सकाळपासून उघडत नव्हतं. त्याच्या पोटात काय आहे हे कंपनीचं गुपित, आणि अनोळखी प्रोग्रामला फाइलींना हात लावू द्यायचा नाही हा सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्स प्रणालीचा नियम. बाहेर बाकांवर रुग्ण खोळंबले होते. एक्स-रे विभागाच्या डॉक्टरबाई मध्येच येऊन नुसत्या उभ्या राहत. त्या रागावल्या असत्या तर बरं, असं ताईला वाटलं.

तिने त्यांच्याकडून दुपारपर्यंतचा वेळ मागून घेतला. चाचणीच्या सर्व्हरवर नियमांनी अडवायचं नाही, फक्त टिपून ठेवायचं, अशी सोय केली आणि प्रोग्राम कुठे कुठे घुसतो ते पाहत बसली. एक्स-रेच्या फाइली हव्यात, ठीक. प्रिंटर हवा, तोही ठीक. पण सगळ्या कर्मचाऱ्यांच्या पासवर्डची फाइल कशाला हवी? तिने फोनवर विचारलं.

पलीकडचा आवाज खाली आला. "खरं सांगू का ताई? ज्याने हे लिहिलं तो नोकरी सोडून गेला. आमच्यात कुणालाच माहीत नाही. म्हणून सगळीकडे बंदच करायला सांगतो."

त्याच्या आवाजातला थकवा तिला ओळखीचा वाटला. तिने त्याला फोन ठेवू नका म्हटलं आणि लागेल तेवढीच परवानगी लिहीत गेली. पासवर्डची फाइल दिली नाही. सॉफ्टवेअरचं त्यावाचून काही अडलं नाही.

मग एक्स-रेच्या खोलीत जाऊन तिने खऱ्या सर्व्हरवर ते सुरू केलं. कंपनीचा माणूस म्हणाला, एखादा जुना एक्स-रे उघडून बघा. त्यासाठी रुग्णाचा क्रमांक हवा होता. तिला पाठ असलेला क्रमांक एकच होता, बाबांचा. मागच्या हिवाळ्यात ते गेले, तोवर या इमारतीतल्या प्रत्येक खिडकीवर तिने तो सांगितला होता.

पडद्यावर बरगड्या उमटल्या. वर खांद्याजवळचं हाड वाकडं जुळलेलं. तिला सायकल शिकवताना ती पडू नये म्हणून ते स्वतः पडले होते.

"दिसतंय का?" फोनवरून प्रश्न आला.

"दिसतंय."

"नीट?"

"हो. अगदी नीट."

डॉक्टरबाईंनी पहिल्या रुग्णाला आत घेतलं. एक म्हातारे गृहस्थ दारातच शर्टाची बटणं सोडू लागले. ताईने एक्स-रे बंद केला आणि खुर्ची रिकामी करून दिली.