बुटांचा रंग

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायचं, यावर आमचं पोट चालतं. लिफ्टमधलं धोक्याचं लाल बटण दाबलं की फोन आमच्या खोलीत वाजतो आणि मिस्त्रीला आपोआप निरोप जातो. मिस्त्री येऊन दार उघडेपर्यंत आपण फोन ठेवायचा नाही, हा आमचा एकमेव कडक नियम. समोरचा रडो, शिव्या देवो, नाहीतर आमच्या बापजाद्यांचा उद्धार करो. मी तिथली सुपरवायझर. कुणाचाही फोन मध्येच ऐकायचा आणि नंतर त्याची हजेरी घ्यायची, हे माझं काम. माझं तोंड फटकळ आहे, त्यामुळे हजेरी चांगली होते.

थर्मासची हजेरी घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. खिडकीजवळ बसणारा हा चाळिशीचा गृहस्थ आतलं काही बाहेर लागू देत नसे, म्हणून आम्ही त्याला थर्मास म्हणायचो. किंचाळत फोन करणारी माणसं बघता बघता त्याच्याशी गप्पा मारायला लागायची. युक्ती साधी होती. कुणी "जीव गुदमरतोय" म्हणालं की तो विचारायचा, "बरं, मला सांगा, तुमच्या बुटांचा रंग कोणता?" माणूस गोंधळून खाली बघायचा आणि सांगायचा. मग नाडीचे की बिननाडीचे, कुठून घेतले, चावतात का, असं करता करता दार उघडायचं. भीतीचा विषयच निघू द्यायचा नाही, असं त्याचं म्हणणं. ही युक्ती मी झाडून सगळ्यांना शिकवली. त्याबद्दल त्याला साधा चहासुद्धा पाजला नाही, ते सोडा.

गेल्या हिवाळ्यात त्याची मुलगी गेली. ठमी म्हणायचे तिला. आठ वर्षांची पोर. शाळेत पोट दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत अपेंडिक्स फुटलं होतं. आठवडाभर झुंजली बिचारी. सुतकाचे दिवस संपल्यावर थर्मास कामावर आला आणि पहिल्याच फोनवर त्याने बुटांचा रंग विचारला. आम्ही सगळे त्याच्या धीराचं कौतुक करत बसलो. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं असं म्हणायला बरं वाटेल, पण नव्हतं खटकलं.

खटकलं ते त्याच्या घरी गेले तेव्हा. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, माझ्यासमोर बसली होती आणि तो आत चहा टाकत होता. ती म्हणाली, "ताई, त्या दिवशी सकाळी ठमी मला..."

"अगं, साखर कुठल्या डब्यात आहे?" आतून आवाज आला.

तिने डबा सांगितला. थोड्या वेळाने पुन्हा धीर करून म्हणाली, "मी तिला ओरडले हो ताई, त्या सकाळी..." तोवर तो कप घेऊन बाहेर आला होता. "ताई, हे पडदे बदलावेत म्हणतोय. निळे बरे दिसतील की हिरवे?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मला इतकं कानकोंडं झालं की मी खरोखरच "निळे" म्हणाले.

लिफ्टपाशी सोडायला आला तेव्हा मी त्याला झापलं. "अरे, बोलू दे ना तिला. मन मोकळं व्हायला नको?"

"बोलायला लागली की रडते, ताई. बघवत नाही." मग खाली बघून म्हणाला, "चपला नवीन का?"

मी कपाळाला हात लावला आणि निघाले.

परवा दुपारी त्याचा फोन वाजला. आमच्याकडे ज्याचा भाग त्याच्याच टेबलावर फोन येतो, आणि पडद्यावर इमारतीचं नाव दिसतं. ती त्याचीच इमारत होती. तो ताठ झालेला मी पाहिला आणि हेडफोन कानाला लावले.

"घाबरू नका, मी ऐकतोय. कोण बोलतंय?"

"मीच," वहिनी म्हणाली. "लिफ्ट मीच थांबवलीय. दार उघडेपर्यंत तुला फोन ठेवता येत नाही ना?"

मी हेडफोन काढायला हवे होते, कळत होतं. नाही काढले.

"आता ऐक. त्या सकाळी ठमी म्हणाली, आई, पोटात दुखतंय. मी म्हणाले, गणिताची परीक्षा आली की बरं तुझं पोट दुखतं, नाटकं पुरेत. डबा तिच्या हातात कोंबला आणि तिला घराबाहेर काढलं. हे मी कुणाला सांगू? तू मला काहीही म्हण. तुझ्यामुळे गेली म्हण. पण काहीतरी म्हण."

थर्मासचे ओठ हलत होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल रे बाबा, आता तरी बोल. त्याने विचारलं, "तुझ्या पायात... कुठल्या चपला आहेत?"



"बूट आहेत. काळे," वहिनी अगदी हळू म्हणाली. "बरोबर बॅग आहे. मी गावी दादाकडे चाललेय, परत येणार नाही." मागे मिस्त्रीची खटपट ऐकू आली, दार सरकलं. दार उघडलं की आमचा फोन आपोआप बंद होतो, तसा तो झाला.

"बसलायस काय? पळ," मी ओरडले. "गाडी सुटायच्या आत गाठ तिला." तो टेबलावरचा चष्मासुद्धा न घेता धावला.

संध्याकाळी त्याच इमारतीतून पुन्हा फोन आला. त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसून मी तो घेतला. वाटलं, दोघं परत आली आणि खरंच अडकली. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता.

"ताई, मिस्त्री नको. बिघाड नाही," थर्मास म्हणाला. "गाडी चुकली माझी. ती फोन उचलत नाहीये."

"अरे, मग घरात जा. तिथे काय करतोयस?"

"घरात तोंड उघडत नाही माझं. इथून जमेल असं वाटलं."

मी खुर्ची पुढे ओढली.

"त्या सकाळी ठमीला शाळेत सोडायला मीच गेलो होतो. याच लिफ्टमधून उतरलो. ती म्हणाली, बाबा, खरंच दुखतंय. मी खाली वाकलो आणि विचारलं, सांग बघू, तुझ्या बुटांचा रंग कोणता? लाल म्हणाली. हसली. शाळेच्या फाटकापर्यंत आम्ही बुटांवरच बोलत गेलो. तिने पोटाचं नाव पुन्हा काढलं नाही." त्याचा आवाज फाटला. "मला पण सांगितलं होतं तिने, एवढंच म्हणायचं होतं मला, ताई. वहिनी दुसरं काय मागत होती तुमची?"

मग तो रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा. इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्याही जिभेवर तो प्रश्न आला आणि मी तो दातांखाली दाबून धरला. निघालेल्या मिस्त्रीला मी अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं.

"बोल," मी म्हणाले, "मी फोन ठेवत नाही."

तो बोलत राहिला. जिने हे ऐकायला हवं होतं ती तेव्हा गाडीत बसली होती, काळे बूट घालून, सगळा दोष एकटीच्या माथी घेऊन.